समुद्रातला नांगर अन् आपल्या शिवारातला मणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली होती, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाच जणांची टीम द्वारकेच्या समुद्रात उतरली म्हणून. प्रा. आलोक त्रिपाठी त्या टीमचे प्रमुख. तेव्हापासून आमच्या गावच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी एक व्हिडिओ टाकतंच, निळं पाणी, त्यात सोन्याचे कळस, चकाकणारे महाल, अन् खाली लिहिलेलं की द्वारका सापडली. ते व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. पण आमच्याकडे या गोष्टीची ओढ जरा वेगळीच आहे, कारण अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, अन् द्वारका तिचं सासर, म्हणजे ते सोयरिकीचं गाव झालं. उन्हाळ्यात एक दिवस पारावर आबाजी अंबाडीचा दोर वळत बसले होते, त्यांनी मला सरळच विचारलं, "काऊन गा मास्तर, आपल्या लेकीचं सासर पाण्यातून निघालं म्हणतेत, खरं हाय काय? अन् एवढे वर्स पाण्यात कोणती वस्तू टिकते बाप्पा?"

मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. त्या दिवशी बोलता बोलता संध्याकाळ झाली. जे सांगितलं ते अन् तेव्हा जे सांगायचं राहून गेलं ते, दोन्ही इथं लिहितोय.

पाण्याखाली खोदतात म्हणजे करतात काय

पुरातत्त्व म्हणजे जुन्या माणसांनी मागं सोडलेल्या वस्तूंवरून त्यांचं जगणं शोधणं. हेच काम समुद्र, नदी, तलाव यांच्या तळाशी केलं की झालं पाण्याखालचं पुरातत्त्व. ज्यांनी अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढताना पाहिलं त्यांना यात नवल वाटणार नाही, घरं, देवळं, विहिरी पाण्याखाली जातात पण नाहीशा होत नाहीत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोते दिसतात अन् माणसं आपलं घर कुठं होतं ते बोट करून सांगतात.

समुद्रात मात्र पाणी उतरत नाही. म्हणून आधी 'सोनार' (sonar) नावाचं आवाजानं तळ मोजणारं यंत्र लावतात. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो ना, तसा यंत्रातून आवाज खाली सोडायचा अन् तो किती वेळात परत आला त्यावरून तळाचा उंचसखलपणा मोजायचा. काही वेगळं दिसलं तर पाणबुडे उतरतात. आपण चौफुलीवर कापूस लावायला वावरात उभ्या-आडव्या रेघा मारतो तशी दोरी-पाइपची चौकट तळावर टाकतात, प्रत्येक चौकोनाला नंबर, अन् वस्तू उचलायच्या आधी ती कोणत्या चौकोनात कशी पडली होती याचा फोटो, चित्र, माप सगळं घेतात. वाळू फावड्यानं काढत नाहीत, मोठ्या पाइपनं हळूहळू ओढून घेतात.

अन् वेळ फार कमी मिळतो. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो, पाणबुडा झटकन वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर जसा फेस येतो तसे अंगात बुडबुडे होतात, माणूस लुळा होऊ शकतो किंवा मरू शकतो. म्हणून थोडा वेळ काम अन् मग टप्प्याटप्प्यानं वर.

उकिरडा अन् उलटलेला ट्रक

लोक विचारतात, जमिनीवर एवढं सापडतं तर समुद्रात कशाला जायचं. याचं उत्तर मी ट्रकवरून देतो.

समजा आपल्या गावचा उकिरडा हजार वर्षांनी कोणी खोदला. त्याला कपबशीचे तुकडे, बाटल्या, फुटकी मडकी, सगळं मिळेल, पण पन्नास-शंभर वर्षांचं एकत्र कालवलेलं, कोणती वस्तू कुठून आली, कोणत्या वस्तूसोबत आली, काहीच धड कळणार नाही. आता दुसरं समजा, जिनिंगकडून निघालेला एक ट्रक नाल्यात उलटला अन् तसाच गाळात बुडून राहिला. त्यात कापसाच्या गाठी आहेत, ड्रायव्हरचा डबा आहे, जॅक, स्टेपनी, कॅबिनमधला देवाचा फोटो, मधेच कोणासाठी घेतलेली साडी पण आहे. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच मालकाचा माल. बुडालेलं जहाज म्हणजे असा उलटलेला ट्रक.

याचं सगळ्यात भारी उदाहरण तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं उलुबुरुन. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यानं सांगितलं की खाली कानवाली धातूची बिस्किटं पडलीत. ती बिस्किटं म्हणजे तांब्याच्या लाद्या निघाल्या, चारही कोपरे बाहेर काढलेल्या, उचलायला सोप्या पडाव्यात म्हणून. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं काम चाललं, पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास अन् नंतर जेमाल पुलाक यांच्या देखरेखीत, साधारण ४४ ते ६१ मीटर खोलीवर. एका वेळी फक्त वीसेक मिनिटं खाली राहता यायचं अन् अशा २२,४१३ बुड्या माराव्या लागल्या. माल काय होता ते ऐका, सुमारे १० टन तांबं, १ टन कथील, रंगीत काचेच्या लाद्या, आबनूसचे ओंडके, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, राळ भरलेल्या सुरया, बाल्टिक समुद्राकडच्या अंबरचे मणी, अन् इजिप्तच्या राणी नेफर्तितीचं नाव कोरलेली सोन्याची छोटीशी मुद्रा. काळ इसवीसनपूर्व चौदाव्या शतकाचा शेवट.

मला यातली दहाला एक ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कासं ओतायला तांबं अन् कथील साधारण याच प्रमाणात लागतं. म्हणजे कोणीतरी, कुठंतरी, भट्टी पेटवायच्या तयारीत या जहाजाची वाट पाहत होतं. हे राजाच्या शिलालेखात लिहिलेलं नसतं, मालाच्या वजनातूनच कळतं.

पण लाकूड सडत नाही का?

आबाजींचा हाच प्रश्न होता. उघड्यावर राहिलेलं लाकूड समुद्रात खरंच टिकत नाही, एक किडा असतो, खरं म्हणजे शिंपल्याच्या जातीचा जीव, तो लाकूड पोखरून काही वर्षांत संपवतो. पण जे लाकूड वाळूत-गाळात किंवा मालाच्या वजनाखाली दबतं तिथं हवा पोचत नाही, हवा नाही तर तो जीवही नाही अन् सडवणारे बरेचसे जंतूही नाहीत.

आपल्याकडे जुन्या काळी पेव असायचं. जमिनीत खड्डा, आत ज्वारी, वरून बंद. आतली हवा संपली की किडा जगत नव्हता म्हणून ज्वारी टिकायची, अन् त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर कोणाला आत उतरू देत नव्हते. कुंपणाचा खुंट पण बघा, वरचं लाकूड उन्हात वाळून राहतं, खालचं खोल मातीत बरं राहतं, अन् मोडतो कुठं तर जमिनीच्या लगत, जिथं ओल अन् हवा दोन्ही भेटतात. उलुबुरुनच्या जहाजाचं लाकूड असंच मालाखाली दबलं तेवढंच उरलं.

खरा धोका वस्तू वर काढल्यावर असतो. आमचा खारपाणपट्टा, त्यामुळे हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. माठात खारं पाणी भरत गेलं की बाहेरून पांढरी पापडी धरते अन् थोड्या दिवसांनी माठाचे पोपडे निघतात. मिठाचे खडे मातीच्या आत वाढतात अन् तिला फोडतात. समुद्रातून काढलेली सुरई तशीच वाळू दिली तर तिचंही हेच होतं, म्हणून ती गोड्या पाण्यात कित्येक महिने ठेवतात, पाणी बदलत राहतात, सगळं मीठ उतरलं की मगच वाळवतात.

नांगर, पण शेतातला नाही

आपल्या भाषेत जहाजाच्या गळाला पण नांगरच म्हणतात, अन् दगडी नांगर पाहिला की कळतं की हे नाव किती बरोबर बसतं. तिकोनी सपाट दगड, वरच्या टोकाला एक भोक, त्यातून दोर. खाली दोन भोकं, त्यात टोकदार लाकडं ठोकलेली. नांगर तळाला गेला की ती लाकडं वाळूत फाळासारखी रुततात अन् जहाज जागेवर राहतं. लाकूड जातं, दोर जातो, तीन भोकांचा दगड उरतो.

द्वारकेच्या समुद्रात असे १२० पेक्षा जास्त दगडी नांगर सापडलेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकारानं तिथं काम सुरू केलं, गुजरातमधलं हडप्पा काळातलं लोथल खोदणारे हेच. काही नांगर तिकोनी, काही लांब खांबासारखे, काही गोल कड्यासारखे. ज्या किनाऱ्यावर शंभराच्या वर नांगर पडलेत तिथं जहाजं येत होती, थांबत होती, वादळात दोर तुटत होते, एवढं तर नक्की झालं.

मला विचाराल तर द्वारकेत आतापर्यंत मिळालेली सगळ्यात मोलाची वस्तू हा ओबडधोबड नांगर आहे. त्याचा दगड तपासता येतो. काळा बेसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनचा काळा पाषाण, चुनखडीच्या किनाऱ्यावर सापडला तर तो कोणीतरी दुसरीकडून आणला.

मग ती द्वारका खरी की नाही?

डॉ. राव यांचं मत होतं की पाण्यातल्या भिंती अन् दगडी बांधकाम महाभारतातल्या द्वारकेचं आहे. त्याच संस्थेत नंतर काम करणाऱ्या अभ्यासकांना हे बांधकाम बऱ्याच नंतरच्या काळातल्या बंदराचं वाटलं. जवळच्या बेट द्वारकेला उत्तर-हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातली, शंखाची मुद्रा मिळाली, तीन डोक्यांचा प्राणी कोरलेली, म्हणजे माणसं तिथं फार जुन्या काळापासून राहत होती हे पक्कं. पण अमुक भिंत अमुक राजाची हे सांगायला भिंतीवर नाव तरी पाहिजे किंवा त्या थरातला कोळसा, लाकूड असं वय काढता येण्यासारखं काहीतरी पाहिजे. त्रिपाठींची टीम त्याच शोधात उतरली होती.

आबाजींना मी हेच म्हटलं, तुमची रुक्मिणी कोणाच्या दाखल्यावर अवलंबून नाही, कौंडण्यपूरची पालखी शेकडो वर्षांपासून पंढरपूरला जाते ती काही दगडाचं वय विचारून जात नाही. शास्त्राला वेगळा प्रश्न विचारायचा, इथं बंदर होतं का, कधी होतं, कोणासोबत देणंघेणं होतं. या प्रश्नांची उत्तरं समुद्र देऊन राहिला आहे.

वय कसं काढतात, अन् वस्तू नंतर पडली असेल तर?

ही शंका एकदम रास्त आहे. दगडी नांगराचं वय नुसत्या आकारावरून पक्कं सांगता येत नाही, कारण तसे नांगर हजारो वर्षं वापरात राहिले. एकटा पडलेला नांगर म्हणून कमजोर पुरावा.

मजबूत पुरावा म्हणजे सोबत. माझ्या चुलतभावाला दोन वर्षांमागं पावसानंतर वावरात दोन लाल मणी दिसले, गुळगुळीत, मधून आरपार भोक. तो खिशात टाकून घरी घेऊन आला. मी विचारलं नेमके कुठं सापडले, तर म्हणे तिकडंच, धुऱ्याच्या आसपास. आम्ही दोघं जाऊन फिरलो पण जागा काही सांगता आली नाही त्याला. त्या मण्यांजवळ खापर होतं का, राख होती का, हाड होतं का, काहीच कळायला मार्ग राहिला नाही. मणी हातात आहेत अन् त्यांची गोष्ट वावरात हरवली, याचं मला आजही वाईट वाटतं. समुद्रातही असंच. नांगराच्या बाजूला सुरईची खापरं, खापरात राळ, वर नाणं, हे सगळं एका चौकोनात असेल तर एकमेकांची साक्ष देतात.

खापराला तर मातीच पकडून देते. रोमन लोक दारू, ऑलिव्हचं तेल, माशांची चटणी दोन कानांच्या, खाली निमुळत्या उंच सुरईत भरून पाठवायचे, तिला ॲम्फोरा म्हणतात. आपण लांबूनच ओळखतो ना की ही माती काळी कसदार अन् ही मुरमाड, तसं इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या भागातल्या ॲम्फोराच्या मातीत काळी चमकदार वाळू असते. तशी खापरं पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला अन् केरळातल्या पट्टणमला सापडली. ॲम्फोराची खापरं बेट द्वारकेच्या समुद्रातून निघाली, आपल्या महाराष्ट्रात घारापुरीच्या किनाऱ्यावरही मिळाली.

आपल्याकडे बुडालेली जहाजं का सापडत नाहीत?

भूमध्य समुद्रात पाणी नितळ, आपल्याकडे पावसाळ्यातल्या लाटा अन् नद्यांचा गाळ. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी एवढी जोराची की पाणबुड्याला आपला हात दिसत नाही. त्यात आपली जुनी जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसून फळ्या दोरानं शिवलेली असायची, म्हणजे लाकूड गेलं की खिळे पण मागं उरत नाहीत. अन् हे काम करणारी माणसं आपल्या देशात फारच थोडी आहेत, पोरांनो, कोणाला पोहायची अन् इतिहासाची दोन्ही आवड असेल तर इकडं खरंच जागा आहे.

श्रीलंकेत मात्र एक सापडलं. २००३ मध्ये गोडवाया गावच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्यांना तीसेक मीटर खाली एक दगडी वस्तू मिळाली, बैठ्या पाटासारखी, वर काही चिन्हं कोरलेली. नंतर अभ्यासक उतरले तर खाली काचेच्या लाद्या, मातीची भांडी अन् वाटण करायच्या तसल्याच दगडी वस्तू. जहाज साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं, हिंदी महासागरात आतापर्यंत सापडलेल्यांत सगळ्यात जुनं. अशा पायांच्या दगडी पाट्यांवर त्या काळी काहीतरी वाटत असत. माझ्या आजीचा पाटा अजून परसात भिंतीला टेकून आहे, एक माणूस एकट्यानं उचलू शकत नाही, अन् लोक असली वजनदार वस्तू जहाजात घालून विकायला नेत होते हे वाचून मी बराच वेळ त्या पाट्याकडे बघत राहिलो होतो.

यात विदर्भ कुठं आला?

आपल्याला समुद्र नाही, पण जहाजात भरायचा माल किनाऱ्यावर पिकत नव्हता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात, त्याला पेरिप्लस म्हणतात, लिहिलंय की गुजरातमधल्या भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, अन् या गावांहून गाड्यांवर लादून अवघड वाटेनं माल भडोचला येतो, पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड अन् तेरहून कापड. म्हणजे बैलगाडी अन् जहाज एकाच रस्त्याचे दोन तुकडे होते.

नागपूरजवळचं माहुरझरी घ्या, शिळावर्तुळांचं, म्हणजे फार जुन्या थडग्यांभोवती गोल रचलेल्या दगडांचं गाव, तिथं अकीक अन् लाल कार्नेलियनचे मणी बनायचे, अर्धे राहिलेले, फुटलेले मणी सापडतात म्हणजे कारखाना तिथंच होता. माहुरझरीचाच मणी रोमला गेला असं मी म्हणणार नाही, तसा दाखला माझ्याकडे नाही. पण सातवाहनांचं राज्य आपल्यापासून समुद्रापर्यंत होतं, अन् त्यांच्यातल्या यज्ञश्री सातकर्णीनं शिशाच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज छापलं होतं.

म्हणून कोणाला नांगरताना मणी, नाणं, मूर्ती लागली तर ती धुऊ नका, विकू नका, पहिले जागेवर खूण करा, मोबाइलवर जागेसकट फोटो काढा अन् तहसील किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. पोलीस वावर जप्त करतील ही भीती लोकांच्या मनात असते अन् त्या भीतीपायी कितीतरी वस्तू गुपचूप सोनाराकडे जातात.

अन् कापूस?

शेवटी आबाजींनी तेच विचारलं जे वऱ्हाडातला माणूस विचारणारच. "कापूस गेला असन ना गा तिकडं?"

समुद्रात कापूस उरत नाही. पण इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, तिथं वाळवंट कोरडं ठणठणीत, म्हणून तिथं भारतात घडवलेल्या मोठ्या मडक्यात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली, अन् कापडाचे तुकडेही सापडले. ते कापड भारताचं हे ओळखलं कशावरून तर सुताच्या पिळावरून. इजिप्तकडं सूत एका बाजूनं पिळायचे अन् आपल्याकडं बरोबर उलट्या बाजूनं. त्याच किनाऱ्यावर वादी गवासिस इथल्या गुहेत तर जहाजाच्या दोराच्या गुंडाळ्याच मिळाल्या, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या, खलाशांनी गुंडाळून ठेवल्या तशाच ओळीनं पडलेल्या. मी मोबाइलवर तो फोटो काढून दिला.

आबाजींनी चष्मा लावला, फोटो मोठा करायला सांगितला, अन् हातातला अंबाडीचा अर्धा वळलेला दोर मोबाइलच्या बाजूला धरून बराच वेळ पीळ कोणत्या बाजूचा आहे ते पाहत बसले.